गोधडीचं पोट आणि अमेरिकेचा इतिहास

अमेरिका मी पाहिलेली नाही आणि पाहायची हौसही नाही. आयर्लंडसुद्धा पाहायचं नव्हतं, पण लेक इथं राहते म्हणून आलो. असं असून सबंध हिवाळा मी अमेरिकेचा इतिहास धुंडाळत बसलो होतो, तोही फोनवर. मी सातवी नापास. आमच्या तालुक्याचा इतिहास विचाराल तर दोन वाक्यांत संपवीन. मग हे खूळ कुठून आलं? बायकोमुळं. जिवंत होती तेव्हा माझ्या सगळ्या उपद्व्यापांच्या मुळाशी तीच असायची, आणि मेली म्हणून तिनं ती सवय सोडलीय असं मला तरी दिसत नाही.

डब्लिनजवळच्या डून लेरी गावातल्या लायब्ररीत मंगळवारी सकाळी म्हाताऱ्यांचा एक वर्ग भरतो. विषय अमेरिकेचा इतिहास. इथल्या घराघरातलं कुणी ना कुणी कधीकाळी बोटीत बसून तिकडं गेलेलं, त्यामुळं या लोकांना अमेरिका म्हणजे चुलतघरासारखी वाटते. बायको मॅट्रिक पास होती. आमच्या दोघांतला हा फरक तिनं कधी बोलून दाखवला नाही आणि कधी विसरूही दिला नाही. ती वर्गाला जायची अभ्यासाला, मी जायचो चहा-बिस्किटाला. ती कानात मराठी करून सांगायची, मी मान डोलवायचो, सगळ्यांना वाटायचं माणूस फार विचारी आहे.

वर्ग घेतात त्या मॅडम शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. बाकीचे त्यांना नावानं हाक मारतात, माझ्याच्यानं ते होत नाही. मॅडमचा एकच हट्ट. पुस्तकात काय छापलंय ते मला सांगू नका, म्हणतात. त्या काळातलं, त्या माणसाच्या हातचं काहीतरी आणा. पत्र आणा, फोटो आणा, कोर्टातला जबाब आणा, म्हाताऱ्या माणसाचा जुना रेकॉर्ड केलेला आवाज आणा. तिकडच्या मोठ्या लायब्रऱ्यांनी आणि संग्रहालयांनी असलं सगळं इंटरनेटवर फुकट मांडून ठेवलंय, ते शोधा. आणि आणलंत की सांगा: हे कुणी केलं, कधी केलं, कुणासाठी केलं, आणि आपल्यापर्यंत आलं कसं. त्या याला प्रायमरी सोर्स म्हणतात. बायको म्हणायची, अस्सल. मला अस्सल शब्द पटला, कारण बसच्या वर्कशॉपात जन्म घालवल्यामुळं अस्सल पार्ट आणि डुप्लिकेट पार्ट यातला फरक मला कळतो. निदान बसचा तरी कळतो.

एकदा वर्गात एकानं फोटो आणला. अमेरिकेतल्या खेड्यातल्या बायका, मोठ्या चौकटीवर कापड ताणलेलं, भोवती बसून शिवतायत. बायको सगळ्यांच्या देखत मराठीत ओरडली, "अगंबाई, ह्या तर गोधड्या!" मॅडमनी विचारलं, ते काय असतं? मग ही उठली आणि हातवारे करून तिनं धावदोऱ्यापासून ठिगळापर्यंत सगळं सांगितलं. जुनी लुगडी कशी थरावर थर घालायची, काठ कुठं लावायचे. मॅडम म्हणाल्या, वसंतात एक मंगळवार तुमचा. अमेरिकेच्या गोधड्या तुम्ही आणायच्या.

त्याच सुमारास लेकीला दिवस गेले. बरीच वर्षं वाट पाहून. बायकोनं लगेच स्वतःची जुनी लुगडी आणि माझे विटके शर्ट फाडून बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. हात एका बाजूला चाले, तोंड दुसऱ्या. तीन बाजू शिवून झाल्या. चौथी उघडी ठेवली, कारण तिच्या माहेरची रीत. गोधडीचं पोट उपाशी ठेवायचं नाही. आत भाकरीचा तुकडा घालायचा आणि मगच शेवटची बाजू बंद करायची. नाहीतर पांघरणारा जन्मभर उपाशी राहतो, असं ती म्हणायची. "ज्वारीचं पीठ आणून ठेवा. भाकरी मी माझ्या हातची घालणार," म्हणाली. मी डार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं, डब्लिनला जाऊन पीठ आणलं. पिशवी उघडायच्या आधीच ती गेली. हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मला मात्र कळलं.

वर्गातले सगळे म्हातारे आले होते. एकेक जण हात हातात घेऊन म्हणायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथली ती पद्धत आहे. मला म्हणावंसं वाटत होतं, बाबांनो, ट्रबल गेला, म्हणून तर रडतोय. पण तेवढं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. सँडविचं मात्र त्यांनी एवढी आणली होती की आठवडाभर घरात कुणी स्वयंपाक केला नाही.

मग राहिली गोधडी. लेक एक दिवस ती घडी करून म्हणाली, "बाबा, ही मी टेलरकडून मशीनवर पूर्ण करून घेते."

"आधी भाकरी घालायचीय आत."

"बाळाच्या पांघरुणात भाकरी? बाबा, प्लीज."

"तुझ्या आईचं सांगणं आहे."

"आई काहीही सांगायची. मी झोपले नाही तर दूधवाला पळवून नेतो म्हणायची. हे भाकरीचं मला कधी नाही सांगितलं. आजीकडं राहिले तेव्हाही कधी ऐकलं नाही. आणि प्रेसमध्ये उंदीर शिरला होता तो विसरलात?"

प्रेस म्हणजे इथं कपाट. त्यात उंदरानं तांदळाची पिशवी फोडली होती हे खरं आहे. लेक त्यानंतर घरभर पिंजरे लावत फिरत होती.

"त्याला तांदूळ आवडत असेल," मी म्हणालो.

"आणि बुरशी? ती पण फक्त तांदळालाच येते?" माझ्या लेकीची नोकरी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची आहे. त्याचा तिला पगार देतात. आईबापाचं काम ती फुकटात करते. "हे बघा बाबा, अशी रीत होती हे कुठंतरी दाखवा. एक अस्सल पुरावा दाखवा, तुमच्या त्या मॅडमसारखा. मग खुशाल भाकरी घाला, पिठलं घाला, ठेचा घाला."

जावई मध्ये पडला नाही. तो गॉलवेला कामाला असतो, शनिवार-रविवार येतो. फार चांगला माणूस, घरात नसतो.

म्हणजे आता दोन गोष्टी माझ्या गळ्यात. एक तिचा मंगळवार आणि एक तिची चौथी बाजू. मॅडमनी फोन करून सांगितलं होतं की तो मंगळवार आम्ही सोडून देऊ, मनावर घेऊ नका. मी म्हणालो, "वाइफ्स टर्न. आय डू." मग म्हणाल्या, "ग्रँड." इथं ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. ग्रँड म्हणजे बरं. पण त्या दिवशी मला ते भव्यच वाटलं.

मी ठरवलं, अमेरिकेतल्या बायका गोधडीच्या पोटात काय घालायच्या ते शोधून काढायचं. एकीनं जरी पावाचा तुकडा घातलेला सापडला तरी लेकीच्या तोंडावर मारायचा. लेकीनंच फोनमध्ये सोय करून दिली, इंग्रजी पान आलं की एक बाई ते मराठीत वाचून दाखवते. बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज. कशाचंच तिला सोयरसुतक नाही. "दुष्काळात तीन मुले दगावली, अधिक वाचा," एवढ्याच उत्साहात म्हणते.

इंटरनेटवर पहिल्यांदा भेटतात ते दुकानदार. जुनी गोधडी म्हणून शोधा, नवी गोधडी विकायला येतात. जुन्यासारखी दिसणारी, कारखान्यात फाटकी केलेली. आमच्याकडं फाटकी गोधडी पाहुण्यांपासून लपवायचे, इथं तिला जास्त पैसे पडतात. दुकानदारांना ओलांडून गेलं की मग गोष्टी सांगणारे भेटतात. आणि तिथंच मी फसलो.

गोष्ट अशी. अमेरिकेत गुलामी होती तेव्हा पळून जाणाऱ्या गुलामांसाठी म्हणे कुंपणावर गोधड्या वाळत टाकायचे. त्यावरच्या नक्षीत खुणा. ही नक्षी म्हणजे निघायची तयारी करा, ती नक्षी म्हणजे या घरात आसरा आहे. काय गोष्ट आहे! अंगावर काटा आला. एका ठिकाणी नाही, जिथं जाईन तिथं तीच गोष्ट. चित्रं, नकाशे, शाळेतल्या पोरांसाठी रंगवायची पानं. मी मनात म्हणालो, मंगळवार झाला आपला. गोधडीनं माणसं सोडवली, मग गोधडीच्या पोटात भाकरी असली तर काय बिघडलं?

वर्गाच्या आधी चहा घेताना मॅडमना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "सुंदर गोष्ट आहे. कुणी सांगितली?"

मी पान दाखवलं.

"त्यांना कुणी सांगितली?"

मी दुसरं पान दाखवलं. त्याच्या खाली तिसऱ्याचं नाव. आम्ही दोघं मागं मागं गेलो. हा म्हणतो त्यानं सांगितलं, तो म्हणतो हिनं सांगितलं, आणि शेवटी सगळे अलीकडच्याच कुणाच्या तरी दारात जाऊन उभे. गुलाम होते त्या काळातल्या कुणी असं लिहिलंय, म्हटलंय, जबाबात सांगितलंय, असं काही मॅडमना इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. पळून सुटलेल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या हकिगती आहेत, त्यांत नदी आहे, कुत्री आहेत, उपास आहेत. गोधडीची खूण नाही.

"म्हणजे खोटं?" मी विचारलं.

"खोटं म्हणत नाही. सापडत नाही म्हणते. जे सापडत नाही ते मी पोरांना शिकवत नाही."

मला असा राग आला की मी बिस्किट चहात बुडवून तिथंच विसरलो. राग अमेरिकेचा नव्हता. माझ्या डोक्यात आलं, उद्या कुणी विचारलं, गोधडीला भाकरी घालतात हे कुणी सांगितलं, तर मी म्हणणार बायकोनं. तिला कुणी सांगितलं? तिच्या आईनं. आणि दोघी आता कुठं आहेत? झाली की तीच गत. मी, माझी बायको आणि ते रंगवायच्या पानांवाले, एका माळेचे मणी.

पण सवय लागली होती. पुढं मी दुकानदार आणि गोष्टीवाले दोघांना टाळायला शिकलो. वस्तू कुणाकडं ठेवलीय, कुणी दिली, कधीची, हे ज्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय तेवढंच उघडायचं. तसली पानं दिसायला भिकार असतात आणि आत खजिना असतो. एका ठिकाणी म्हाताऱ्या बायकांचे आवाज सापडले. स्वतःच्या गोधड्यांबद्दल बोलतायत, मध्येच खोकतायत, मागं कुठंतरी कुत्रं भुंकतंय. तिथं मी वाचणारी बाई बंद केली. शब्द कळत नव्हते सगळे, पण कळत होतं. बाईमाणूस आपल्या हातच्या कामाबद्दल बोलते तेव्हा खोट काढत काढत मिरवते. आमची अस्संच करायची.

पोटात काय घालायच्या त्याही बायका सांगत होत्या. कुणी सरकी नीट न काढलेला कापूस, कुणी फाटक्या घोंगड्या, कुणी तर आधीची झिजलेली गोधडीच नव्या गोधडीच्या आत. पिठाच्या रिकाम्या पिशव्यांची तर वेगळीच तऱ्हा. बायका पिशव्यांचे कपडे शिवतात म्हणून गिरणीवाले पिशव्यांवर फुलं छापायला लागले. एका पानावर असंही होतं की गोधडीच्या आत काय आहे ते बघायला जाणकार ती उजेडासमोर धरतात, म्हणजे सरकीचे ठिपके दिसतात. भाकरी मात्र कुठं नाही. पाव नाही, बिस्किट नाही, काही नाही. अमेरिकेच्या सगळ्या गोधड्या उपाशी.

त्या उजेडावरून डोक्यात आलं. अरे गाढवा, अस्सल तर तुझ्या अंथरुणावर पडलंय. लग्न झाल्यावर बायकोनं शिवलेली पहिली गोधडी. विमानात बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा माझे बूट काढून ठेवले होते तिनं, पण गोधडी आणली होती.

तिच्या मंगळवारी मी ती खांद्यावर टाकून निघालो. लेकीनं अर्धा दिवस सुट्टी काढली होती, माझं मराठी तिथं कुणाला कळणार नाही म्हणून. पोट सांभाळत मागून चालताना म्हणाली, "बाबा, लोक बघतायत."

"बघू दे. आपण नाही का बघितल्या अमेरिकेच्या कुंपणावरच्या."

वर्गात मी अमेरिकेच्या बायकांचे आवाज ऐकवले, पिशव्यांचे फोटो दाखवले, आणि त्या खुणेच्या गोष्टीत आपण कसे फसलो तेही सांगितलं. लेक इंग्रजी करत होती. माझ्या दोन वाक्यांची ती सहा करायची. आईची पोर. मग मी गोधडी उलगडली आणि भाकरीचं सांगितलं. त्यावर एक बोटीवरचा म्हातारा आहे, जन्मभर फेरीबोटीवर काम केलेला, तो लगेच म्हणाला, "आमची आजी पण असंच करायची."

"कोण म्हणतं?" मॅडम.

"मी म्हणतो."

"मग आजीला घेऊन ये."

सगळे हसले, आजीचा नातू सगळ्यांत जास्त.

लायब्ररीला समुद्राच्या बाजूनं भली मोठी काच आहे. दोघातिघांनी मिळून गोधडी त्या काचेवर धरली. एकाचा खांदा आखडलेला, त्यानं कण्हत धरली. मी आत वाकून बघतोय. काळामिट्ट अंधार. अमेरिकेची गोधडी पातळ असेल, आमच्या गोधडीतून सूर्य सोडा, सासूचं बोलणंसुद्धा आत यायचं नाही.

कुणीतरी म्हणालं, कोपरा थोडा उसवून बघू या का. छोटी कात्री आहे माझ्याकडं. बोलणारीच्या मनात वाईट नव्हतं. पण लेकीनं माझ्याकडं पाहिलं. ते टाके तिच्या आईचे आहेत, भाड्याच्या खोलीत बसून, उजेड जाईतोवर घातलेले. उसवले की मला पुराव्याचा तुकडा मिळेल, पण ते टाके पुन्हा घालायला कोण येणार?

"नो," मी म्हणालो. त्याचं इंग्रजी लेकीला करावं लागलं नाही.

"कुणी काही उसवणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी गोधडी टेबलावर घेतली. हात फिरवत गेल्या. कुणी केली, कधी, कुणासाठी, मी सांगत गेलो. एका कोपऱ्याशी त्यांचा हात थांबला. बाकी सगळी ठिगळं एका सुरात बसवलेली, हे एकच वरून मारलेलं, जाड, खाकी.

"हे काय?"

"उंदीर," मी म्हणालो.

लेकीनं ते इंग्रजी करायच्या आधी मलाच विचारलं, "उंदीर म्हणजे?"

उंदीर म्हणजे उंदीर. पहिल्या खोलीत होता. नव्या गोधडीचा तेवढाच कोपरा फोडला त्यानं. खोलीत दुसरं पुष्कळ पडलं होतं, त्याला हात लावला नाही. बायको तेव्हा मेल्याच्या नावानं बोटं मोडत म्हणाली होती, "नेमकं पोटच फाडलं भाड्यानं, आता परत भरा." आणि माझ्या कामाच्या खाकी पँटीचा तुकडा वर ठोकला होता. हे मला आठवत नव्हतं अशातला भाग नाही. पण उंदराची गोष्ट म्हणजे उंदराची गोष्ट, तिचा इतिहासाशी काय संबंध, असं मला वाटत आलं होतं.

लेकीनं सगळं सांगितल्यावर मॅडमनी ठिगळावर परत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उंदीर चांगला साक्षीदार आहे. कुणावर छाप पाडायला तो काही करत नाही."

"आणि नात्यातलाही नाही," बोटीवरचा म्हातारा म्हणाला.

"पण बाबा, उंदीर काय, कुठंही कुरतडतो," लेक मराठीत म्हणाली. म्हणता म्हणता तिनं खाकी ठिगळ चिमटीत धरलं होतं. दाबलं. बोटं थोडी सरकवून परत दाबलं.

"आत काहीतरी आहे. कडक."

"गाठ असेल दोऱ्याची."

"असेल," ती म्हणाली. पण बोटं काही काढली नाहीत. चहा गार होईपर्यंत तिची बोटं तिथंच होती. मॅडमनी हा पुरावा पक्का धरला की कच्चा, ते त्या अजून सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, ग्रँड.

घरी आल्यावर लेक सरळ प्रेसपाशी गेली आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी काढली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं परत ठेवली असती, आईवरच गेलीय. पीठ जुनं झालेलं, विरी पार गेलेली. भाकरी थापायला घेतली की किनार फाटायची. लेकीनं एक केली, ती तव्यावर टाकतानाच मोडली. मी एक केली, ती या देशाच्या नकाशासारखी निघाली, सगळीकडून समुद्रानं खाल्लेली.

"आईनं बघितलं असतं तर?" लेक म्हणाली.

"दोघांना घराबाहेर काढलं असतं."

मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मी तव्याकडं बघत उभा राहिलो, कारण भाकरी करपत होती.

नकाशातला एक तुकडा तिनं ओव्हनमध्ये ठेवून कौलासारखा वाळवला. म्हणाली, "बुरशीचा प्रश्न मिटला. उंदराचा राहिला."

"राहू दे. पुढं कुणाला तरी साक्षीदार लागेल."

तुकडा आत सरकवून चौथी बाजू मी शिवली. टेलर नको म्हणालो. बायकोचे टाके मुंगीच्या रांगेसारखे, माझे बैल मुतल्यासारखे. आता कुणीही डोळे मिटून सांगेल कुठं ती थांबली आणि कुठं मी सुरू झालो. अमेरिकेतल्या काही बायका गोधडीच्या मागं कापडाची पट्टी लावून शाईनं नाव घालतात, हे त्या बारीक अक्षरांच्या पानांवर पाहिलं होतं. नाव न घातलेल्यांच्या खाली संग्रहालयवाले लिहितात, करणारी अज्ञात. ते वाचून मला दर वेळी शिवी यायची. म्हणून लेकीकडून पट्टी लिहून घेतली. कुणी केली, कधी, कुणासाठी. चौथ्या प्रश्नाचं, आपल्यापर्यंत आली कशी याचं, उत्तर बाळाचं बाळ बघून घेईल.

बायकोचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्याला बघायचं असेल त्यानं घरी येऊन गोधडी उलटी करून बघावी. फक्त आत कुणी झोपलेलं नाही ना, ते आधी पाहावं.